टाकलेलं

पंचनामा मीच लिहिला. अक्षर बरं म्हणून
ठाण्यात मला रायटर केलंय, बाकी काही नाही.
जालना, कचरा डेपो, सकाळचे साडेसहा,
उजेड पुरेसा, असं लिहायचं असतं, लिहिलं.

मुद्देमाल येणेप्रमाणे:
लोखंड सव्वाअकरा किलो, त्यात
कुकरचं झाकण, शिट्टी नसलेलं,
सायकलचा मडगार्ड,
तांब्याची तार पाव किलोला कमी, जाळून काळी केलेली,
पोराची कंपासपेटी, आत कर्कटक आहे, पेन्सिल नाही,
आणि आकडा लावलेली काठी एक.
ती हत्यारात धरावी का
यावर साहेब थोडा वेळ थांबले.
किंमत अंदाजे चारशे साठ.

फिर्यादी ठेकेदाराचा माणूस.
त्याचं म्हणणं सरळ, कागदासकट:
घंटागाडीत पडलं की महापालिकेचं,
महापालिकेनं टेंडर दिलं की आमचं.
मधे कोणाचंच नाही, असा क्षणच नसतो साहेब.

मला पटलं, खोटं कशाला बोलू.
घरी मी बादली उलटी करून
बुडावर एक थाप मारतो.
त्या थापेपाशी माझं संपतं,
गाडीच्या पत्र्यावर आवाज होतो तिथं त्यांचं सुरू.
मधलं वीतभर अंतर
कुठल्या कलमात बसतं, मी बघितलेलं नाही.

नाव विचारलं. ठकूबाई.
साहेब हसले. नावातच कबुली आहे म्हणाले.
तीपण हसली, मिश्रीचे दात दाखवत,
"आज्यानं ठेवलंय. त्याला आणा धरून."
नवऱ्याचं नाव? किसन हिवाळे.
मालक काय करतो?
"काय की. शेंद्र्याला दुसरी केलीय म्हणत्यात.
मला टाकल्याला तेरावं वरीस."

रकाना भरला. पुढचा प्रश्न छापील होता:
सदर माल कोणाचा?

"मपला न्हाई," ती म्हणाली. "तुपलाबी न्हाई.
ज्याचा व्हता त्यानं टाकला."

टाकला म्हणून मालकी सुटत नसते बाई,
साहेबांनी समजावलं, चांगल्या आवाजात.
वस्तू टाकली तरी ती
कोणाची ना कोणाची राहते.

तेव्हा ती बाकड्यावर सरळ बसली.
"मंग मला टाकलं तवा
कुण्या म्हापालिकेनं उचललं, साहेब?
तेरा वर्सं पडल्याली हाय मी.
आलं का कुणी म्हणत,
ही आमची हाय, हात लावू नका?"

पंखा चालू होता. पंच क्रमांक दोन,
चहावाल्याचा पोरगा, ग्लास विसळायचा थांबला.
मी ते लिहिलं नाही.
जे विचारलेलं नाही त्याचं उत्तर
लिहीत नसतात.
लिहिलं: समाधानकारक खुलासा करू शकली नाही.

दिवस मावळताना समज देऊन सोडली.
अंगठा दिला, शाई पदराला पुसली,
गेली नाही.
"काठी द्या."
का?
"आकड्याचे तीस रुपये दिलेत लोहाराला.
काठी मपली हाय."
हे एवढं मात्र कोणालाच खोडता आलं नाही.
खांद्यावर टाकून गेली, मोंढ्याच्या बाजूनं,
आकडा मागे हलत होता.

लोखंड ठेकेदाराच्या माणसानं नेलं, पावती करून.
ते एमआयडीसीत जाईल, भट्टीत उतरेल,
सळई होऊन कुणाच्या स्लॅबमध्ये झोपेल.
तिथं कोण विचारतंय कुठलं म्हणून.
कंपासपेटी त्यानं घेतली नाही.
हिचं काय करू, म्हणाला, आणि
माझ्या टेबलावर टाकली.

रजिस्टरात नोंद आहे. मालकाचा रकाना कोरा.

परवा धाकटीचं कर्कटक हरवलं,
रात्री रडत बसली, सकाळी भूमितीचा पेपर.
मी ठाण्यात आलो, ड्रॉवर उघडला,
जरा इकडेतिकडे बघितलं.

पेन्सिल मात्र विकत घेतली.